कोमट हीटर आणि भरलेला डीपीएफ: एका डिझेल क्रॉसओव्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीच्या गाडीचं. तिच्या संमतीनं लिहितोय. गाडीची कंपनी, मॉडेल, गॅरेजांची नावं घेतलेली नाहीत आणि त्यांची गरजही नाही, कारण जे घडलं ते डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या कुठल्याही डिझेल गाडीत घडू शकतं. सुरुवातीला मी फक्त फोनवर ऐकणारा होतो. शेवटचे दोन महिने मात्र स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे आणि दोषांचे कोड वाचणारं यंत्र) आणि वही घेऊन तिच्या शेजारी बसलो. त्या वहीच्या आधारानंच हे सगळं लिहिलं आहे.

ताई शिक्षिका आहे. २०१७ साली तिनं ही क्रॉसओव्हर, म्हणजे सेडानपेक्षा उंच बांध्याची गाडी, नवी घेतली तेव्हा तिची शाळा घरापासून ३८ किलोमीटरवर होती, आणि त्यातला बराचसा रस्ता मोकळा महामार्ग. शिवाय आईचे गुडघे. आधीच्या सेडानमध्ये बसताना आईला खाली वाकून अंग सोडून द्यावं लागायचं, उतरताना कुणीतरी हात धरावा लागायचा. क्रॉसओव्हरची सीट तिच्या कमरेच्या उंचीला येते. ती नुसती वळून बसते आणि वळून उतरते. क्रॉसओव्हर ठरली ती या एका गोष्टीवर, आणि डिझेल ठरलं ते रनिंगवर.

दोन्ही निर्णय त्या वेळी बरोबरच होते, असं मला आजही वाटतं. उंच आणि जड गाडीला वारा जास्त अडतो, तिला खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) ओढ लागते, आणि या इंजिनाचा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १७५० आरपीएमलाच हाताशी येतो. चार माणसं आणि सामान घेऊन चढ चढताना गिअर क्वचितच खाली घ्यावा लागे. लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा १० ते १५ टक्के ऊर्जा जास्त असते, आणि डिझेल इंजिन तिच्यातली वायाही कमी घालवतं. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली ऑग्सबुर्गमध्ये आपलं इंजिन चाचणीला लावलं तेव्हा इंधनातल्या ऊर्जेचा जवळपास चौथा हिस्सा कामात आला होता. तेव्हाची वाफेची इंजिनं याच्या आसपासही नव्हती. हाच गुण पुढे आमच्या प्रकरणात आडवा आला: उष्णता कमी वाया घालवणारं इंजिन गरमही उशिरा होतं.

पहिल्या चार वर्षांत गाडी ९२,००० किलोमीटर पळाली. ॲव्हरेज १८च्या आसपास, एका टाकीत ९०० किलोमीटर सहज. टायर, ब्रेक पॅड, ऑइल आणि फिल्टर सोडले तर खर्च नाही. गाडीत डीपीएफ नावाचं काही आहे हेही ताईला माहीत नव्हतं, आणि माहीत असायची गरजही पडली नव्हती.

२०२१मध्ये तिची बदली झाली. नवी शाळा घरापासून साडेतीन किलोमीटरवर. घरात सगळ्यांना आनंद झाला, कारण रोजचे दोन तास वाचले. गाडीच्या दृष्टीनं मात्र त्या दिवशी सगळं बदललं होतं, आणि ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

डीपीएफ काय करतो, थोडक्यात

डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टर सायलेन्सरच्या मार्गात बसवलेला असतो. आत मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असतात. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. धुराला सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं आणि काजळी भिंतीवर राहते. २००० साली प्यूजो ६०७मध्ये तो कारखान्यातूनच बसवून आला. पुढे युरोपात २००९पासून लागू झालेल्या युरो ५ मानकांनी कणांची मर्यादा किलोमीटरला ५ मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा डिझेल मोटारींना त्याच्याशिवाय पर्यायच उरला नाही.

फिल्टर भरत आला की तो जाळून साफ करावा लागतो. यालाच रीजेन म्हणतात. लांबच्या पल्ल्यात धूर पुरेसा गरम असला की थोडी काजळी आपोआप जळत राहते. बाकीच्या काजळीसाठी इंजिनाचा संगणक सिलिंडरमध्ये उशिरानं थोडं जादा डिझेल सोडतो. ते फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टवर (धुरातलं इंधन जाळणाऱ्या भागावर) पेटतं आणि फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. या कामाला दहा ते वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाडी चालू राहावी लागते. एक अट आणखी आहे: इंजिन गरम हवं. कूलंट, म्हणजे इंजिनाभोवती फिरून त्याची उष्णता वाहून नेणारं द्रव, ठरावीक तापमानाच्या वर गेल्याशिवाय संगणक रीजेन सुरूच करत नाही, किंवा सुरू केलेलं सोडून देतो. आमच्या गाडीत हा उंबरठा ७० अंशांच्या आसपास असावा, असं नोंदींवरून दिसलं.

अडचण

बदलीनंतर सव्वा वर्षानं, थंडीच्या दिवसांत, डॅशबोर्डवर फिल्टरचा पिवळा दिवा लागला. पुस्तिकेत लिहिलं होतं की गाडी ताशी ६०च्या वर वीसेक मिनिटं चालवा. ताईनं तसं केलं आणि दिवा गेला. तीन आठवड्यांनी तो परत लागला. या वेळी महामार्गावर जाऊनही गेला नाही. चार दिवसांनी इंजिनाचा दिवाही लागला आणि पिकअप गेला. गाडी लिंप मोडमध्ये गेली होती, म्हणजे इंजिन वाचवायला संगणकानं त्याची ताकद कमी केली होती. शाळेसमोरच्या चढावर मागे हॉर्न वाजत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी रांगत होती, हे सांगताना तिचा आवाज अजून बदलतो.

पहिल्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. पी २४६३ हा कोड मिळाला, म्हणजे फिल्टरमध्ये काजळी साचली आहे. त्यांनी गाडी जागेवर उभी करून स्कॅनरवरून सक्तीचं रीजेन केलं आणि सगळे कोड पुसून चावी हातात दिली. सल्ला एकच: "मॅडम, गाडी जरा महामार्गावर पळवत जा."

अकराव्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

इथून पुढचे दोन महिने मला सगळ्यात जास्त लागतात, कारण ताईनं सांगितलेलं सगळं निष्ठेनं केलं. दर रविवारी सकाळी ती गाडी घेऊन तीस किलोमीटर बाहेर जायची आणि परत यायची. कुठे पोचायचं नसायचं, फक्त फिल्टरसाठी. उपयोग शून्य. उलट ॲव्हरेज १३वर आलं. कधी घरी येऊन गाडी बंद केली की पुढचा पंखा पाच-पाच मिनिटं घोंघावत राहायचा आणि खालून गरम, जळकट वास यायचा. तिला वाटायचं इंजिन तापतंय, म्हणून ती गाडी लगेच बंद करून बाजूला व्हायची. प्रत्यक्षात ते अर्ध्यात तुटलेलं रीजेन होतं.

याच दिवसांत आई मागच्या सीटवर शाल घेऊन बसायला लागली. एकदा ती म्हणाली, "अगं, हीटर लावलायस ना? पायांना नुसतं कोमट वारं लागतंय." ताईनं हीटरचं बटण पूर्ण फिरवून दाखवलं आणि विषय तिथेच संपला.

सक्तीचं रीजेन दुसऱ्यांदा झालं. दहा-बारा दिवसांनी तिसऱ्या वेळी गाडी दुसऱ्या, मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: एक लाखाच्या वर रनिंग झालंय, फिल्टरचं आयुष्य संपलं, नवा टाका. अंदाजपत्रकातला आकडा गाडीच्या तेव्हाच्या बाजारभावाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतका होता. ताईनं मला फोन केला तो त्या संध्याकाळी.

समोर असलेले पर्याय

आम्ही दोघांनी कागदावर सगळे पर्याय लिहून काढले. काही पाच मिनिटांत बाद झाले, काहींवर दोन रात्री गेल्या.

गाडी विकायची? दिवा लागलेली गाडी विकायची तर दोष सांगून पडेल भावात विकावी लागणार. न सांगता विकणं ताईला मान्य नव्हतं. आणि आईच्या सोयीची दुसरी गाडी शोधणं आलंच.

इंधनात टाकायच्या बाटल्या? अशा काही द्रवांत सेरियम किंवा लोखंडाची संयुगं असतात, त्यांनी काजळी कमी तापमानाला जळते हे खरं आहे. प्यूजोच्या त्या पहिल्या फिल्टरलाही असंच द्रव्य लागायचं. पण आमच्या फिल्टरचं रीजेन सुरूच का होत नाही, याचं उत्तर बाटलीत नव्हतं.

फिल्टर काढून टाकायचा? हा पर्याय एका ओळखीच्यानं फार आग्रहानं सुचवला. आतलं पोळं फोडून काढायचं, संगणकाचं सॉफ्टवेअर बदलायचं, कटकट कायमची संपली. त्याची स्वतःची गाडी तशीच आहे आणि उत्तम चालते, हे त्यानं दोनदा सांगितलं. चालत असेल, त्यावर माझा वाद नाही. पण जिथे कायद्यानं हा फिल्टर हवाच, तिथे तो काढून गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे जिथे पुरावा पुरेसा मानला जातो त्या गटात. ताई रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी गाडी उभी करते, तिथे सायलेन्सरच्या उंचीला पहिलीतल्या मुलांची तोंडं असतात. तिनं कागदावरची ती ओळ स्वतः खोडली आणि पुन्हा त्यावर बोलली नाही.

मग राहिले दोन पर्याय: नवा फिल्टर, किंवा जुना उतरवून यंत्रावर धुऊन घेणं. दुसरा स्वस्त होता आणि आम्ही त्याच्या अगदी जवळ आलो होतो. पण एक गोष्ट दोघांनाही खटकत होती. पहिलं सक्तीचं रीजेन झाल्यावर वर्कशॉपच्या कागदावर काजळी ४ ग्रॅमवर आलेली दिसत होती. म्हणजे फिल्टर साफ होऊ शकत होता. मग अकरा दिवसांत, जेमतेम दीडशे किलोमीटरमध्ये तो पुन्हा भरला कसा? आणि मध्ये साठ किलोमीटरचा रविवार होता, तरी जळला का नाही? धुतलेला फिल्टर काय किंवा नवा फिल्टर काय, तोही अकरा दिवसांतच भरला असता.

निर्णयाचा क्षण

ताईच्या शाळेच्या बसचालकानं पंप-नोझलचं काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी ताईला काही साधे प्रश्न विचारले. रोज किती चालते? ऑइल शेवटचं कधी पाहिलं? आणि मग, "हीटर कसा आहे?"

ताईनं आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

ते काही बोलले नाहीत. त्यांनी आधी ऑइलची पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. ऑइल कमी झालं तर आपण घाबरतो, वाढलं तर लक्षही देत नाही. त्यांनी पट्टीच्या टोकाचा थेंब कागदी रुमालावर सोडला आणि तो फलाटावर ठेवला. पाच मिनिटांत मधे काळा ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती फिकट, तेलकट कडं पसरत गेलं. रुमाल नाकाशी धरला तर सरळ डिझेलचा वास येत होता. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रीजेनमध्ये उशिरा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना आणि टर्बोला राखत नाही. आणि पातळी फारच वर गेली तर ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ काढून घेणाऱ्या नळीच्या) वाटेनं सिलिंडरमध्ये ओढलं जाऊन इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटू शकतं, मग चावी फिरवूनही ते थांबत नाही.

"काका, मग फिल्टर?" ताईनं विचारलं.

"फिल्टरचं नंतर बघू. आठवडाभर काही करायचं नाही. फक्त कूलंट किती गरम होतंय ते लिहून आणा. लांब जाऊ नका, ऑइल असं असताना."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते वेळकाढूपणाचं वाटलं होतं. आज मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात योग्य निर्णय तोच वाटतो. तोवर तीनही वेळा प्रत्येकानं काहीतरी केलं होतं, पण मोजलं कुणीच नव्हतं.

ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाशी जोडायच्या सॉकेटला) लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र आणि फोनवरचं ॲप, एवढंच साधन होतं. या गाडीला तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असेपर्यंत एक निळा दिवा असतो, तो विझला की गाडी गरम झाली असं आपण धरून चालतो. पहिल्याच दिवशी कळलं की तो दिवा ५५ अंशांना विझतो. त्यानंतर गाडी खरोखर गरम होतेय की नाही, हे चालवणाऱ्याला कळायची सोयच नाही.

शाळेपर्यंतच्या साडेतीन किलोमीटरमध्ये कूलंट ५१ ते ५८. यात नवल नव्हतं. बाजारात, सिग्नलला थांबत थांबत वीस मिनिटांत ७१. मग एका सकाळी आम्ही अगदी हलक्या पायानं महामार्गावर पाचेक किलोमीटर गेलो. मला वाटलं होतं आकडा वर चढेल. ताशी ८०ला तो ७१वरून खाली यायला लागला. ६९. ६७. उताराला ६४. ताई गाडी चालवत होती, मी आकडे मोठ्यानं वाचत होतो, आणि ६४ म्हटल्यावर आम्ही दोघंही गप्प झालो. दर रविवारी ती जे औषध म्हणून करत होती, त्यानं इंजिन आणखी थंड होत होतं.

कारण साधं होतं. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक गोळी असते. कूलंट साधारण ८० ते ९० अंशांना पोचलं की ती फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. हा थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. म्हणजे कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत होतं. गावात वारा कमी, म्हणून थोडं तरी गरम राहायचं. महामार्गावर समोरून वारा सतत, त्यामुळे तापमान उंबरठ्याच्या खाली. काजळी जाळायची परवानगीच मिळत नव्हती. थर्मोस्टॅट बंद अडकला असता तर इंजिन तापून दिवा लागला असता आणि दोष त्याच दिवशी सापडला असता. उघडा अडकला की काहीच तुटत नाही, फक्त हीटर कोमट लागतो, कारण हीटरला उष्णता याच कूलंटमधून मिळते.

आठव्या दिवशी स्कॅनरवर एक नवा कोड प्रलंबित म्हणून दिसला: पी ०१२८. कूलंट थर्मोस्टॅटच्या तापमानाला पोचत नाही, असा त्याचा अर्थ. पहिल्या वर्कशॉपनं न लिहिता पुसलेल्या कोडांत तो होता का, हे आता कळायला मार्ग नाही.

केलेली कामं

मिस्त्रींनी क्रम ठरवला आणि तो क्रम महत्त्वाचा होता. आधी ऑइल उपसलं, कारण पातळ आणि वाढलेल्या ऑइलवर रीजेनसारखं गरम काम करायचं नाही. नवं ऑइल कमी राखेचं, पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच. ऑइलमधली धातूंची द्रव्यं जळून राख होते, ती फिल्टरमध्ये साचते आणि कुठल्याही रीजेननं जळत नाही. मग थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि कूलंट बदललं. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन रबरी नळ्या काढून फुंकून पाहिल्या. त्यातली एक टोकाशी कडक झाली होती, तीही बदलली. नळीला चीर गेली तर संगणकाला दाब चुकीचा कळतो आणि काजळीचा हिशेबच बिघडतो.

यानंतरचं रीजेन जागेवर न करता रस्त्यावर करायचं ठरलं. चालत्या गाडीत इंजिनावर भार असतो, खालून वारा खेळतो. चौथ्या गिअरमध्ये २००० ते २५०० आरपीएम धरून ताईनं गाडी महामार्गाला लावली. कूलंट ८८वर जाऊन स्थिर राहिलं. बाराव्या मिनिटाला फिल्टरचं तापमान चढायला लागलं: ३१०, ४२०, ५४०, ६१०. काजळीचा आकडा ३१ ग्रॅमवरून उतरत उतरत ६वर आला आणि तापमान आपोआप खाली गेलं. ताईनं विचारलं, "झालं?" मी मान हलवली. आम्ही तरी आणखी दहा किलोमीटर गेलो.

दीड हजार किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा एकदा बदललं. फिल्टरला हातही लावला नाही.

परिणाम

आधीच्या नऊ दिवसांच्या नोंदीत रीजेन पाच वेळा सुरू होऊन पाचही वेळा तुटलं होतं. आता ते ३८० ते ४५० किलोमीटरनं एकदा होतं आणि बहुतेक वेळा पूर्ण होतं. ॲव्हरेज १६वर आलं. आधीचं १८ परत आलं नाही, आणि बदललेल्या रनिंगमध्ये ते येणारही नव्हतं. ऑइलची पातळी पट्टीवर जिथे होती तिथेच आहे. सगळ्या कामाचा खर्च नव्या फिल्टरच्या अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्शाच्याही आत बसला. आईची शाल मागच्या सीटवरून घरात गेली.

पण थर्मोस्टॅटनं सगळंच सुटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. नव्या थर्मोस्टॅटसह सुद्धा साडेतीन किलोमीटरमध्ये कूलंट ६५च्या वर जात नाही. डिझेल इंजिनाला तेवढं अंतर पुरतच नाही. म्हणून ताईनं शाळेला गाडी नेणं थांबवलं. ती चालत जाते, पावसात स्कूटर काढते. गाडी आता आठवड्यातून दोनदा निघते, आईला २२ किलोमीटरवर फिजिओथेरपीला न्यायला, आणि सुट्टीत लांबच्या प्रवासाला. रीजेनच्या खुणा तिला पाठ आहेत: उभ्या गाडीचा आरपीएम ८००वरून १०००वर गेलेला, सिग्नलला इंजिन आपोआप बंद न होणं, पडद्यावरचं ॲव्हरेज अचानक पडलेलं. अशा वेळी घर आलं तरी ती गाडी बंद करत नाही, एक मोठा फेरा मारून येते.

काय वेगळं करता आलं असतं

बदलीचा आदेश आला त्याच आठवड्यात गाडीचा विचार व्हायला हवा होता. गाडी घेताना आपण रोजचं अंतर विचारतो, नंतर ते बदललं तर पुन्हा विचारत नाही. तेव्हा गाडी निरोगी होती, भावही चांगला आला असता. पेट्रोलची किंवा हायब्रिड क्रॉसओव्हर घेणं तेव्हा सोपं होतं. आमचं प्रकरण थर्मोस्टॅटनं चिघळलं खरं, पण त्याची सुरुवात रनिंग बदलण्यानं झाली होती.

पहिल्या वर्कशॉपमध्ये कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो मागायला हवा होता. ताईला ते तेव्हा माहीत नव्हतं. आता ती प्रत्येक वेळी मागते, आणि काजळीचा ग्रॅममधला आकडा, शेवटच्या रीजेननंतरचं अंतर आणि कूलंटचं तापमान यांचीही विचारणा करते. पाच मिनिटांचं काम आहे, कुणी नाही म्हणत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र महामार्गाच्या सल्ल्याची, आणि तिच्यात मीही सामील होतो. "डिझेल आहे, पळव जरा" हे मीही फोनवर दोनदा म्हटलं होतं. हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, म्हणूनच त्यावर कुणी शंका घेत नाही. पहिल्या रविवारी दिवा गेला नाही तेव्हाच थांबायला हवं होतं. साठ किलोमीटर पळूनही रीजेन होत नसेल, तर गाडी कमी पळतेय हे कारण उरतच नाही. आम्ही त्याऐवजी रविवार वाढवत गेलो, आणि प्रत्येक रविवारी ऑइलमध्ये आणखी थोडं डिझेल उतरत गेलं.

ऑइलची पट्टी महिन्यातून एकदा पाहिली असती तर वाढलेली पातळी दोन महिने आधी दिसली असती. त्या काळात टर्बोची काय झीज झाली असेल, ते आज मोजता येत नाही. आवाज ठीक आहे, धूर नाही. पण ही काळजी माझ्या मनातून पूर्ण गेलेली नाही.

एका मुद्द्यावर ताईचं आणि माझं अजून पटत नाही. माझ्या मते गाडी नीट चालतेय तोवर विकून टाकावी. तिचं म्हणणं, आठवड्याला नव्वदेक किलोमीटरचे दोन नीट फेरे आणि सुट्टीतला प्रवास या इंजिनाला पुरतो, आणि आई ज्या सहजतेनं या सीटवर बसते तशी दुसऱ्या कुठल्या गाडीत बसेल याची खात्री नाही. मागच्या महिन्यात तिनं आईला एका शोरूममध्ये नेऊन एका पेट्रोल क्रॉसओव्हरमध्ये बसवून पाहिलं. सीट दोन बोटं खाली होती. आईनं दारावर हात टेकून उतरून दाखवलं आणि म्हणाली, "आपलीच बरी."

गाडी आता १,२१,००० किलोमीटर चालली आहे. रीजेन पूर्ण झाल्यावर फिल्टरमध्ये उरलेल्या काजळीचा आकडा ताई वहीत लिहून ठेवते. पहिले काही महिने तो ६ होता, मग ७, गेल्या दोन वेळा ८. हा आकडा दाबाच्या फरकावरून काढलेला असतो, त्यामुळे तो असा हळूहळू वर सरकतोय ते राखेमुळे, असं मिस्त्रींचं मत आहे. तो १२वर गेला की फिल्टर उतरवून यंत्रावर धुऊन घ्यायचा, असं ठरलं आहे.